पावसाळी सुट्टीत कोल्हापुरातील कोणते संग्रहालय पाहावे?

मिरजकर :
नमस्कार. शनिवार ते सोमवार अशा जोडून आलेल्या सुट्टीत आम्ही कोल्हापुरात मुक्कामी आहोत. मूळ बेत पन्हाळा आणि जोतिबाचा होता. परंतु गेले काही दिवस लागून राहिलेली संततधार पाहता डोंगरावर धुक्याशिवाय काही दिसेल असे वाटत नाही. सोबत आई आहेत, त्यांना गुडघेदुखीमुळे फार चालवत नाही. मुलगी सहावीत असून तिला सध्या सातवाहनांचा धडा चालू आहे. अंबाबाईचे दर्शन सकाळी लवकर उरकल्यावर छताखाली निवांतपणे शहराचा इतिहास पाहता येईल असे ठिकाण कोणते? नवीन राजवाडा मी शाळेत असताना पाहिला होता, पण त्यातले पेंढा भरलेले वाघच तेवढे आठवतात.

शुक्रवारपेठकर :
आपल्या मुलीचा धडा लक्षात घेता टाऊन हॉलच्या संग्रहालयाला दुसरा पर्याय मला दिसत नाही. सीपीआर रुग्णालयासमोरच्या बागेत ते आहे. मात्र सोमवार हा त्याचा साप्ताहिक सुट्टीचा वार असल्याने रविवारीच जावे, आणि शासकीय सुट्टीचा दिवस मध्ये येत असेल तर आदल्या दिवशी चौकशी करून ठेवावी. बाहेरगावचे बहुतेक पाहुणे राजवाडा पाहून परत जातात आणि टाऊन हॉल म्हणजे बसथांब्याचे नाव एवढीच त्यांची समजूत राहते, याचे मला नेहमी वाईट वाटते.

तेथे सर्वांत आधी ब्रह्मपुरीच्या वस्तू पाहाव्यात. पंचगंगेच्या काठी, शिवाजी पुलाजवळ ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे हसमुख सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तेथे उत्खनन केले आणि आजच्या घरांखाली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे सातवाहनकालीन नगर असल्याचे पुराव्यानिशी दाखवून दिले. या टेकडीवर मिळालेल्या काशाच्या वस्तूंमध्ये पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची एक छोटी मूर्ती आहे. ती रोमन साम्राज्यातून व्यापारामार्गे इकडे आली. चणीने ती इतकी लहान आहे की घाईने फिरणारा माणूस तिच्यापुढून सहज निघून जातो. मुलीला आधीच सांगून ठेवा आणि मूर्ती तिलाच शोधू द्या.

समुद्रापासून एवढ्या आत, सह्याद्रीच्या अलीकडे ही मूर्ती कशी पोहोचली, हा प्रश्न ती विचारेलच. तांबड्या समुद्राकडून निघणारी जहाजे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा फायदा घेऊन आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागत आणि वारे उलटले की परतत. किनाऱ्यावर उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढून वर देशावर येई. म्हणजे ज्या वाऱ्याने आपला पन्हाळ्याचा बेत मोडला, त्याच वाऱ्याच्या भरवशावर हा व्यापार चालत होता. संग्रहालयात उभे राहून एवढे सांगितले तरी धड्यातील ‘परदेशी व्यापार’ हे शब्द तिला पुन्हा पाठ करावे लागणार नाहीत.

बावडेकर :
वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, तरी राजवाडा इतक्या लवकर निकालात काढू नये. सहावीतील मूल काचेच्या कपाटांपुढे किती वेळ रमेल हे आई-वडिलांनी प्रामाणिकपणे ठरवावे. नवीन राजवाड्यातील छत्रपती शहाजी संग्रहालयात शस्त्रे आहेत, शिकारीची दालने आहेत, आणि दरबार हॉलमधील रंगीत काचांवर शिवचरित्रातील प्रसंग चितारलेले आहेत. ढगाळ दिवशी त्या काचा उन्हातल्यासारख्या झळकत नाहीत, हे मात्र खरे.

अडचण दोन बाबतींत येईल. सुट्टीत पाऊस असला की सगळे पर्यटक एकदमच तिकडे वळतात, त्यामुळे दालनांतून रांगेने पुढे सरकावे लागते आणि आपल्या आईंना मध्येच टेकायचे म्हटले तर सोयीचे होणार नाही. शिवाय फाटकापासून वास्तूपर्यंतचे अंतर छत्री धरून चालावे लागते. आत छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. मला तो नियम सोयीचाच वाटतो, कारण त्याशिवाय रांग हललीच नसती.

इमारतींमध्ये रस असेल तर एक जोड सुचवतो. टाऊन हॉल, समोरची सीपीआरची जुनी इमारत आणि नवीन राजवाडा या तिन्हींचे आराखडे मेजर चार्ल्स मँट या एकाच वास्तुविशारदाचे आहेत. टाऊन हॉल १८७२ ते १८७६ या काळात बांधला गेला आणि त्याची धाटणी थेट गॉथिक, म्हणजे युरोपातील जुन्या चर्चसारखी आहे, तर १८८४ मध्ये पूर्ण झालेल्या राजवाड्यात त्यांनी देशी घडणीचे घुमट, कमानी आणि छत्र्या मिसळल्या. राजवाडा पूर्ण झालेला पाहण्यापूर्वीच, १८८१ मध्ये, त्यांचे निधन झाले. दोन्ही वास्तू गाडीतून बाहेरूनच लागोपाठ पाहिल्या तरी हा फरक मुलीच्या ध्यानात येईल, आणि आईंना उतरावेही लागणार नाही.

मिरजकर :
दोघांचेही आभार. गर्दीचे ऐकून राजवाडा आतून पाहण्याचा विचार सोडला आहे. कणेरी मठाचे ग्रामजीवन संग्रहालयही काहींनी सुचवले होते. शिवाय आई स्वतः चित्रे काढत असत, त्यांच्यासाठी टाऊन हॉलमध्ये काही पाहण्यासारखे आहे का?

रंगरेषा :
कणेरीचे संग्रहालय बहुतांशी उघड्यावर मांडलेले असून ते पाहायला भरपूर चालावे लागते. या पावसात आणि गुडघेदुखी असताना तो बेत करू नये. दिवाळीनंतर अवश्य जावे.

आईंसाठी मात्र टाऊन हॉलमध्येच आबालाल रहिमान यांची चित्रे आहेत. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले हे चित्रकार राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाला होते आणि कोल्हापूरचे तळे, घाट, झाडे हेच त्यांचे मुख्य विषय राहिले. महाराज १९२२ मध्ये गेल्यावर त्यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थाच्या तळ्यात सोडून दिली, असे कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. कथा किती खरी हा भाग वेगळा. पण जी चित्रे उरली त्यांतला ओलसर उजेड पावसाळ्यातच पाहावा, असे माझे ठाम मत आहे. ‘सैरंध्री’ हा १९२० चा मूकपट काढणारे बाबूराव पेंटर याच परंपरेतले. नंतर अंगात त्राण उरले तर राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलादालन आहे. पडद्यावरचे नायक म्हणून आईंना ते ठाऊक असतीलच. त्यांची पावडर शेडिंगची, म्हणजे रंगाची भुकटी कागदावर चोळून काढलेली चित्रे तेथे आहेत आणि जागा आटोपशीर असल्याने थकवा येत नाही.

शुक्रवारपेठकर :
दोन गोष्टी राहून गेल्या. ब्रह्मपुरीच्या परिसरात नावाच्या शेवटी ‘कुर’ येणाऱ्या राजांची, म्हणजे विळिवायकुर, शिवलकुर यांची धनुष्यबाण कोरलेली नाणी मिळाली होती. संग्रहालयातील कर्मचाऱ्यांना नाण्यांबद्दल अवश्य विचारावे. उत्सुक मूल दिसले की ते आपुलकीने सांगतात, असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट पुराची. निघण्यापूर्वी पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची पातळी पाहून ठेवावी. तेथे ३९ फुटांवर इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी धरतात. पाणी इशाऱ्याच्या आसपास असेल तर ब्रह्मपुरी आणि पंचगंगा घाटाकडे वळू नये आणि परतीचा रस्ता चालू आहे का, हे आधी विचारावे. पातळी बरीच खाली असेल आणि पाऊस उघडला असेल, तर संग्रहालयातून बाहेर पडल्यावर घाटाच्या बाजूने एक फेरी मारा. टेकडीवर आता दाट वस्ती आहे, उत्खननाचे खड्डे वगैरे काही दिसणार नाही. परंतु नदी आणि टेकडी यांचे नाते मुलीला गाडीतूनही कळेल.

मिरजकर :
रविवारी सकाळी दर्शन, मग टाऊन हॉल, आणि आईंचा उत्साह पाहून राजारामपुरी, असे ठरवले आहे. पातळी शनिवारी रात्री पाहून घाटाचे ठरवू. मुलगी आत्तापासूनच पोसायडनच्या हातात काय असते ते विचारते आहे. मी तिला उत्तर दिलेले नाही.