आईच्या गुडघ्यांसाठी हेम्प तेल: घरात दोन बाटल्या आल्यात, कुठली द्यावी?

मृणाल_कर्वेनगर

नमस्कार. आई ७१ वर्षांची आहे. महापालिकेच्या शाळेत ३२ वर्षं शिक्षिका होती. निवृत्तीनंतरही कितीतरी वर्षं रोज पहाटे पर्वती चढायची. आता दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे, डाव्याची जास्त. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खाली उतरताना ती कठडा दोन्ही हातांनी धरते, तिरकी होते, आधी डावा पाय खालच्या पायरीवर टेकवते, मग उजवा त्याच पायरीवर आणते, मग पुन्हा डावा. खाली पोचेपर्यंत वरचा ओठ घामाने ओला झालेला असतो. मी पिशवी घेऊन मागे उभी असते आणि मला काही करता येत नाही.

अडचण अशी की दुखण्याच्या नेहमीच्या गोळ्या तिला चालत नाहीत. २०१४ मध्ये तिच्या हृदयाची मायट्रल झडप बदलली, धातूची बसवली. तेव्हापासून वॉरफेरीन, रक्त पातळ ठेवायची गोळी, चालू आहे. त्यामुळे पॅरासिटामॉलवरच भागवावं लागतं. गुडघेबदल सुचवलाय, पण त्यासाठी रक्त पातळ करायची गोळी मध्ये थांबवायची म्हटलं की ती घाबरते. खरं सांगायचं तर मीही घाबरते.

आता बाटल्यांबद्दल. पहिली समोरच्या काकूंनी एका प्रदर्शनातून आणून दिली. २५० मिलि, हिरवट रंग, अक्रोडासारखा वास, वर ‘कोल्ड प्रेस्ड हेम्प सीड ऑइल’. स्टॉलवरच्या माणसाने काकूंना सांगितलं म्हणे की गुडघे, साखर, झोप, कॅन्सर, सगळ्यावर चालतं. दुसरी माझ्या भावाने बंगळुरूहून ऑनलाइन मागवून पाठवली. ३० मिलि, काळी काच, ड्रॉपर, वर ‘विजया अर्क, ३००० मिलिग्रॅम’. किंमत पहिलीच्या तिप्पट.

आईने भिंग घेऊन दोन्ही लेबलं वाचली आणि विचारलं, “हेम्प म्हणजे आपला ताग का गं?” माझे आजोबा शिरूरकडे हिरवळीच्या खतासाठी ताग पेरायचे, ते तिच्या डोक्यात. मला उत्तर देता आलं नाही.

या दोन्ही बाटल्यांत एकच वस्तू आहे का? याने नशा येते का? कायद्याचं काय? आणि मुख्य म्हणजे, दुखणं खरंच कमी होतं का? कुणी घरात वापरलं असेल तर कृपया लिहा.

दत्तवाडी_मेडिकल

मृणालताई, सगळं लिहितो, पण आधी एकच सांगा: काळ्या बाटलीतले थेंब आईंना सुरू केलेत का? केले असतील तर ते थांबवा आणि उद्या सकाळी उपाशीपोटी वगैरे काही न बघता आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याची तपासणी, आकडा जितका मोठा तितकं रक्त पातळ) करून घ्या. वॉरफेरीनची गोळी मात्र मनाने बंद करू नका. धातूच्या झडपेवर गुठळी होणं हे दुखण्यापेक्षा कितीतरी वाईट.

आता कारण. मी २६ वर्षं औषधाच्या दुकानात उभा आहे आणि गेली काही वर्षं रोज कुणीतरी ‘हेम्प तेल आहे का’ विचारत येतं. या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि विकणारे ते मुद्दाम स्पष्ट करत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो.

काकूंची बाटली म्हणजे भांगेच्या बियांचं खाद्यतेल. तीळ, करडई घाण्यातून काढतात तसंच. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेने, नोव्हेंबर २०२१ मध्ये बी, बियांचं तेल आणि पीठ अन्न म्हणून मान्य केलं. तेलात नशेचा जो घटक, टीएचसी, त्याला अगदी कमी मर्यादा आहे, आणि सीबीडी, म्हणजे भांगेतला नशा न आणणारा दुसरा घटक, किलोमागे ७५ मिलिग्रॅमच्या वर नको. मुळात बियांमध्ये हे दोन्ही जवळजवळ नसतातच, वरच्या आवरणाला चिकटून येतात तेवढेच. त्यामुळे नशा नाही. पण हिशोब करून बघा: एका चहाच्या चमच्यात साधारण साडेचार ग्रॅम तेल मावतं. कायद्याने चालणारी कमाल मात्रा धरली तरी त्यात सीबीडी जेमतेम एक तृतीयांश मिलिग्रॅम. औषध म्हणून ज्या मात्रा तपासल्या जातात त्या दहा, वीस, शंभर मिलिग्रॅमच्या. म्हणजे या तेलाने गुडघा बरा होईल हे स्टॉलवाल्याचं बोलणं झालं, बाटलीतलं नाही.

तेल म्हणून ते चांगलं आहे, हे नाकारत नाही. लिनोलेइक आम्ल निम्म्याच्या आसपास, ओमेगा-३ साधारण १५ ते २० टक्के. पण आपल्या जवसाच्या तेलात ओमेगा-३ निम्म्याहून जास्त असतं आणि जवस रविवार पेठेत कितीतरी स्वस्त मिळतो. हेम्पचं तेल तळायला किंवा फोडणीला वापरू नका, लवकर धुरावतं. वरून घ्यायचं, आणि बाटली फ्रिजमध्ये.

भावाची बाटली ही पानांच्या अर्काची, विजया म्हणजे भांगच. हे औषध आहे. ‘३००० मिलिग्रॅम’ कशाचे, हे लेबलवर शोधा. बऱ्याचदा तो एकूण अर्काचा आकडा असतो. त्यात सीबीडी किती, टीएचसी किती, हे कुठल्या प्रयोगशाळेने तपासलं ते दिसलं पाहिजे. अमेरिकेत २०१७ मध्ये ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं तपासली तेव्हा फक्त २६ मध्ये लेबलवरचा आकडा खरा निघाला, आणि १८ मध्ये टीएचसी सापडलं.

आईंसाठी धोका नशेचा नाही. यकृतातलं जे एन्झाइम वॉरफेरीनचा निचरा करतं, त्याचं काम सीबीडीमुळे मंदावतं. गोळी तेवढीच, पण रक्तात साठते जास्त. मिरगीसाठी शुद्ध सीबीडी घेणाऱ्या एका रुग्णाचं वॉरफेरीन सुमारे ३० टक्के कमी करावं लागलं, अशी नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे.

आणि आईंचा प्रश्न फार योग्य आहे. ताग वेगळा. त्यालाही इंग्रजीत सनहेम्प म्हणतात म्हणून घोळ होतो, पण तो शेंगवर्गातला. भांगेचं झाड निराळं.

मृणाल_कर्वेनगर

दादा, वाचून हात गार पडले. थेंब सुरू केलेत. आज नववा दिवस. भाऊ म्हणाला नैसर्गिक आहे, रात्री जिभेखाली पाच-पाच थेंब दे. तिला झोप बरी लागत होती म्हणून मी खूश होते. पण परवा तिच्या उजव्या दंडावर निळा डाग दिसला, सुपारीएवढा. म्हणाली कपाटाची कड लागली असेल. आणि आज दात घासताना बेसिनमध्ये गुलाबी थुंकी दिसली. आयएनआरच्या वहीत मागच्या महिन्याची नोंद २.९ आहे.

दत्तवाडी_मेडिकल

मग उद्याची वाट बघू नका. जवळची लॅब उघडी असेल तर आत्ताच रक्त द्या आणि हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा. थेंबांची बाटली सोबत न्या, त्यांना लेबल बघू दे. डोकं दुखलं, काळी शौच झाली किंवा कुठे पडल्या तर थेट इमर्जन्सीत जा.

वैद्य_सदाशिवपेठ

मी आयुर्वेदाची प्रॅक्टिस करते, त्यामुळे विजयेच्या बाजूने बोलणं माझं कामच आहे, तरीही औषधवाल्या दादांशी पूर्ण सहमत. विजया आम्ही वापरतो. जातिफलादि चूर्णात भांग असते, ते ग्रहणीत, सारख्या जुलाबांत देतो. पण वापरण्याआधी शोधन करतात: पानं पाण्यात चोळून पुन्हा पुन्हा धुवायची, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. मग वाळवून गाईच्या तुपात मंद आचेवर परतायची. एवढा खटाटोप लोकांनी शेकडो वर्षं का केला असेल? कारण वस्तू तीव्र आहे हे त्यांना माहीत होतं.

कायद्याचं विचारलंत. एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांचा कायदा, १९८५ मध्ये राळ म्हणजे चरस आणि फुलोरा म्हणजे गांजा यांवर बंदी आहे. फुलोऱ्याशिवायची पानं आणि बी त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून पानांचा अर्क आयुर्वेदिक परवान्यावर विकता येतो, पण त्यावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असं लिहिणं सक्तीचं आहे. भावाच्या बाटलीवर ती ओळ असेलच, बारीक अक्षरात. कुठल्या वैद्याने आईंची नाडी बघितली? त्यांची औषधं विचारली? फोनवर दोन मिनिटं बोलून चिठ्ठी पाठवतात ती देखरेख नव्हे.

ओवीचा_बाबा

मला दुसरी बाजू लिहावीशी वाटते, कारण आमच्या घरात याच झाडाने फरक पडला आहे. मुलगी सात वर्षांची, लेनॉक्स-गॅस्टो सिंड्रोम, म्हणजे मिरगीचा एक अवघड प्रकार. उभ्या उभ्या धाडकन पडायची. घरात तिला हेल्मेट घालून ठेवायचो. न्यूरॉलॉजिस्टनी दीड वर्षापूर्वी सीबीडी सुरू केलं. अमेरिकेत याच आजारासाठी आणि ड्राव्हे सिंड्रोम या मिरगीच्या दुसऱ्या प्रकारासाठी शुद्ध सीबीडीचं औषध जून २०१८ मध्ये मान्य झालं. ते तिळाच्या तेलात असतं, मिलिलीटरला १०० मिलिग्रॅम.

पण ते कसं देतो ते ऐका. ओवी १८ किलोची. सुरुवात किलोला ५ मिलिग्रॅम रोज, दोन वेळांत विभागून, म्हणजे ४५ सकाळी, ४५ रात्री. ते पुढे दुप्पट केलं. दर वेळी सिरिंजने मोजून. आधी यकृताची तपासणी, मग महिन्याने, मग तीन महिन्यांनी, कारण ती व्हॅलप्रोएट या मिरगीच्या औषधावरही आहे आणि दोन्ही मिळून यकृतावर ताण येतो. तिसऱ्या आठवड्यात ती दिवसभर झोपून राहायला लागली. डॉक्टर म्हणाले क्लोबाझमचं, तिच्या मिरगीच्या दुसऱ्या गोळीचं, प्रमाण रक्तात वाढलंय, ते कमी केलं, मग पोर परत हसायला लागली. दिवसाला चौदा-पंधरा वेळा पडायची, आता पाच-सहा. बरी झालेली नाही. पण गेल्या रविवारी सारसबागेत गणपतीसमोर माझा हात सोडून एकटी चालली, दहा पावलं तरी. मी मोजली.

म्हणून कुणी ‘सगळं थोतांड’ म्हणालं की मला लागतं, आणि ‘नैसर्गिक आहे, पाच थेंब टाका’ म्हणालं की त्याहून जास्त लागतं.

दत्तवाडी_मेडिकल

ओवीचे बाबा, मिरगीच्या या प्रकारांत पुरावा पक्का आहे, तुमचं अगदी बरोबर. केमोच्या उलट्यांवर टीएचसीसारखी दोन औषधं अमेरिकेत १९८५ पासून मान्य आहेत, ड्रोनाबिनॉल आणि नॅबिलोन. झिजेच्या सांध्यांबद्दल मात्र हात आखडता घ्यावा लागतो. डेन्मार्कमध्ये हाताच्या सांध्यांची झीज आणि सोरायसिसचा संधिवात असलेल्या रुग्णांना १२ आठवडे रोज २० ते ३० मिलिग्रॅम सीबीडी दिलं. दुखणं कमी झालं, पण खोट्या गोळीवरच्यांचंही तेवढंच झालं. वेदनांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या जागतिक संघटनेनेही २०२१ मध्ये दुखण्यासाठी याच्या सरसकट वापराला पाठिंबा दिला नाही.

मृणालताई, आयएनआर किती आला?

मृणाल_कर्वेनगर

सगळ्यांना उशिरा लिहिते आहे, माफ करा. त्या रात्री साडेआठला रक्त दिलं. आयएनआर ४.६. तिचा असायला हवा २.५ ते ३.५. डॉक्टरांनी एका दिवसाची गोळी थांबवली, थेंब कायमचे बंद केले. पाच दिवसांनी ३.२ आला. दंडावरचा डाग आता पिवळा पडलाय. डॉक्टर म्हणाले, दर वेळी नवीन काही सुरू कराल, काढा, चूर्ण, थेंब, काहीही, तर आधी मला विचारा आणि आठवड्याने रक्त तपासा. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

भावाला फोन केला. तो रडला. त्याचा दोष नव्हता, त्यालाही आईच्या त्या पायऱ्या दिसतात, वर्षातून दोनदाच का होईना.

हिरव्या तेलाची बाटली डॉक्टरांना दाखवली तर ते म्हणाले, चमचाभर चटणीवर घेतलं तर हरकत नाही, रोज तेवढंच ठेवा. पण आईने ती काकूंना परत केली. म्हणाली, मला माझी जवसाची चटणी पुरे.

गुडघ्यांसाठी फिजिओथेरपिस्टकडे जायला लागलो आहोत. पहिला व्यायाम साधा आहे: पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्याने ती खाली दाबायची आणि पाच आकडे धरून ठेवायची. मांडीचा स्नायू बळकट झाला तर सांध्यावरचा भार कमी होतो म्हणे. आई सकाळी गॅलरीत चटई टाकून करते. मोजते मोठ्याने, वर्गात पाढे म्हणून घ्यायची तशीच, आणि मी ओट्यापाशी असले की मधेच विचारते, “मृणाल, ऐकतेयस ना? किती झाले?”