आधी डोळ्यांचा कोरडेपणा तपासा
ताई, वरच्या पापण्या लोंबतात म्हणून ऑपरेशन करावं का, असं विचारलंयत. वरच्या उत्तरांत सगळे खर्चाचंच बोलताहेत, म्हणून थोडी भर. आधी डोळे कोरडे पडतात का ते तपासून घ्या. ऑपरेशनमध्ये पापणीची कातडी जास्त काढली गेली तर डोळा नीट मिटत नाही, कोरडेपणा आणखी वाढतो. काढलेली कातडी परत कुठून आणणार? थायरॉइड, रक्त पातळ करणारी गोळी, सगळं डॉक्टरांना सांगा; गोळी मात्र मनाने बंद करू नका. आणि पापणी सैल कातडीमुळे उतरलीय की ती उचलणारा स्नायू ढिला पडलाय, हे नेत्रतज्ज्ञाकडून ठरवून घ्या, कारण दोन्हींचं ऑपरेशन वेगळं. टाके साधारण आठवड्यात निघतात, काळंनिळं मात्र दोनेक आठवडे दिसतं. घरात लग्नकार्य असेल तर तारीख जपून घ्या बाई!