राजकारण आलं की कविता मरते का?

कट्टेकरी: काल आमच्या कट्ट्यावर जाम वाजलं. एक मित्र म्हणतो राजकीय कविता म्हणजे यमक जुळवलेली घोषणा, निवडणूक झाली की रद्दीत. मला पटलं नाही पण ऐनवेळी उदाहरणच सुचेना. राजकारणासाठीच लिहिलेली आणि तरी टिकलेली कविता सांगा ना कोणीतरी. (व्हॉट्सअॅपवरच्या चारोळ्या नकोत प्लीज)

डफवाला: अण्णाभाऊ साठेंची 'माझी मैना' ऐकव की त्याला. संयुक्त महाराष्ट्र चळवळीतली छक्कड, म्हणजे लावणीच्या ढंगाचं शाहिरी गाणं. सुरुवातीला राजकारणाचा र पण नाही, पोटासाठी मुंबईला आलेला गडी, बायको गावाकडं, तिचं रूप, तिचं रुसणं, गिरणगावात निम्म्या लोकांची हीच कथा होती म्हणजे ऐकणारा आधीच गलबललेला, आणि मग शाहीर म्हणतो महाराष्ट्राचीपण तीच गत, बेळगाव कारवार डांग उंबरगाव दुसऱ्याच्या मालकीचं. तोवर सीमाप्रश्न त्या गड्याच्या घरातलाच झालेला असतो. भाषणात हे जमत नाही राव.

पेठेतला वाचक: ते गाणं झालं. डफ-तुणतुणं बाजूला काढा मग बोलू. कागदावरची कविता हवी तर नामदेव ढसाळ घ्या. 'गोलपिठा' हा त्यांचा कवितासंग्रह १९७२ चा, त्यांची दलित पँथर ही संघटनापण त्याच वर्षीची. पण पुस्तकात जाहीरनामा शोधून सापडायचा नाही, मुंबईतल्या कामाठीपुऱ्याची, वेश्यावस्तीची भाषा आहे, अशी की प्रस्तावना लिहिताना नाटककार विजय तेंडुलकरांनाही शब्दांचे अर्थ कवीलाच विचारावे लागले. माणसात कोणाला धरायचं नि कोणाला नाही हे त्या भाषेनंच विचारलंय, आता याला राजकारण नाही तर काय म्हणणार?

कट्टेकरी: भारी. पण ढसाळांनी इंदिरा गांधींवर पण कविता लिहिली, पुढे शिवसेनेसोबत गेले. मित्र हेच तोंडावर फेकणार.

पेठेतला वाचक: फेकू दे. कवी कुठंही गेला तरी १९७२ चं पुस्तक उठून त्याच्यामागे जात नाही. हां, इंदिराबाईंवरच्या कवितेतली एक ओळ तरी पाठ असलेला माणूस मला अजून भेटायचाय, तेवढ्यापुरता तुझा मित्र बरोबर.

सीमाभागातला: डफ नसला तरी चालतं ओ. आमच्या बेळगावात, महाराष्ट्रात घेतलं नाही म्हणून, मराठी माणसं १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतात. आमचा मामा सुराचा अजिबात नाही, तरी मैना म्हणायला लागला की बेळगावपाशी त्याचा आवाज बसतो, मग पुढचं डांग उंबरगाव आम्हीच म्हणतो.