पहिल्या सेमिस्टरलाच कॅम्पस जॉब घ्यावा का?

निळीछत्री:
अमेरिकेत मास्टर्सला येणाऱ्या पोरांना सीनियर्स हमखास सांगतात की पहिलं सेम फक्त अभ्यास करा, जॉबबिब नंतर बघू. मला हे अजिबात पटत नाही. मी तिसऱ्या आठवड्यातच डायनिंग हॉलला लागले, भांडी, ट्रे, शनिवारची पहाटेची शिफ्ट, सगळं केलं आणि घाबरत घाबरत इंग्रजी बोलणारी मी तिथेच धीट झाले. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पहिल्या वर्षी कॅम्पसबाहेर काम करायला दार जवळजवळ बंदच असतं, म्हणजे सरळ रस्ता कॅम्पसचाच, सेम चालू असताना आठवड्याला २० तास आणि मोठ्या सुट्टीत पूर्णवेळ. सोशल सिक्युरिटी नंबरसाठीसुद्धा (पगार, करासाठी लागणारा सरकारी नंबर) नोकरीचं पत्र लागतं. घरच्यांनी कर्ज काढून पाठवलंय तर निदान किराणा तरी आपल्या पैशातून यावा की नाही?

खिडकीपाशी:
हिशोब मांडून बघ ना. फेडरल किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर, २००९ पासून तेवढंच आहे. बऱ्याच राज्यांत जास्त मिळतं, पण तेवढंच धरू. २० तासांचे १४५, १५ आठवड्यांचे २१७५ डॉलर. त्यासाठी ३०० तास दिलेस, तेही नेमके नवीन देश, नवीन शिकवण्याची पद्धत, सगळंच अंगावर आलेलं असताना.
मी हे भोगलंय म्हणून बोलतोय. मिडटर्मच्या आदल्या रात्री क्लोजिंग शिफ्ट, बदलीला कोणी मिळेना, रात्री १ ला रूमवर आलो आणि पुस्तक उघडं टाकून तसाच झोपलो. सेम संपलं तेव्हा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, ४ पैकी ३ च्या खाली आणि हातात प्रोबेशनचं, म्हणजे ग्रेड सुधारा अशा ताकिदीचं पत्र. मग ज्या सरांकडे टीए (टीचिंग असिस्टंट, शिकवण्यात मदतीचं काम) मागायची होती त्यांच्या दारात जायला तोंडच उरलं नाही. टीए मिळाली तर अनेक ठिकाणी फी माफ होते, म्हणजे किराण्यासाठी मी फी घालवली.

निळीछत्री:
वाईट वाटलं वाचून, खरंच. पण २० ही मर्यादा आहे, सक्ती नाही. मी १० च तास करायचे.

मधलाबाक:
काम कुठलं आहे त्यावर पण आहे ना सगळं. लायब्ररीच्या डेस्कवर गर्दी नसेल तेव्हा वाचता येतं, किचनमध्ये नाही येत. फक्त अशा जागा जुनी मुलं सहसा सोडत नाहीत, त्यामुळे सुट्टी लागायच्या आधीच विचारून ठेवा.
आणि दोन जॉब असतील तर दोन्ही मिळून २०, बरं का. एका आठवड्यात २४ केले आणि पुढच्यात १६, म्हणजे सरासरी बसली, असं चालत नाही, व्हिसा स्टेटसचा प्रश्न आहे. पगाराची स्लिप पण नीट बघा, नॉन-रेसिडेंट विद्यार्थ्याच्या कॅम्पस पगारातून पहिली ५ कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर हे कर कापत नाहीत. माझ्या रूममेटचे चुकून कापले होते, विचारल्यावर परत मिळाले.

जुनीवही:
कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, ब्रीदच 'स्वावलंबी शिक्षण'. पोरं श्रम करून शिकली आणि पुढे मोठी झाली. आपल्याला भांडी घासायला जड का जावं?

खिडकीपाशी:
भांडी घासायची लाज नाहीच हो, ते मी म्हटलंच नाही. माझे आजोबा तसेच शिकले. पण 'कमवा आणि शिका' मध्ये श्रमातून शिक्षणाचा खर्च निघावा हाच तर हेतू होता. इथे राबून फीचा कोपराही निघत नाही, उलट ज्यासाठी आलो तेच हातातून जातं. दोन्हीला एकाच तराजूत कसं घालणार?

निळीछत्री:
हे मान्य. पण पहिले दोन महिने मी रूमवर एकटी रडायचे, कामावर लोक भेटले म्हणून तग धरला. ते पैशात कसं मोजायचं? माझा जीपीए चांगला राहिला त्यात या कामाचाही वाटा आहे असं मला मनापासून वाटतं. पहिलं सेम पूर्ण मोकळं ठेव असं मी तरी कुणाला सांगणार नाही.

खिडकीपाशी:
१० तास, क्लोजिंग शिफ्ट नाही, परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी, एवढं सुपरवायझरकडून रुजू व्हायच्या आधी मेलवर घेतलं असेल तर माझी हरकत नाही. मला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं.