क्लोन जर्नलमध्ये ‘फसलेले’ प्राध्यापक : बिचारे की गिऱ्हाईक?

परखड_परीक्षक :
एक पोस्ट कालपासून फिरतेय. यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, बंद केली आणि त्यामुळे बिचारे प्राध्यापक क्लोन जर्नलांच्या, म्हणजे खऱ्या जर्नलचं नाव-क्रमांक चोरून काढलेल्या बनावट साइटच्या, जाळ्यात सापडताहेत, असा तिचा सूर. वाचून डोकं फिरलं. यादी होती तेव्हा केअरच्याच साइटवर क्लोन जर्नलांचा वेगळा तक्ता लावावा लागला होता, हे विसरलात?

यांचा व्यवहार बघा : पेपर मंगळवारी पाठवला, स्वीकृतिपत्र गुरुवारी. परीक्षकाचा एका ओळीचा अभिप्राय नाही. फी कुणाच्या तरी बचत खात्यात, यूपीआयने. जर्नल वनस्पतिशास्त्राचं आणि अंकात मार्केटिंग, काँक्रीट, संतसाहित्य शेजारी शेजारी. याला फसवणूक नाही, खरेदी म्हणतात. आयएसएसएन (जर्नलचा नोंदणी-क्रमांक), डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) आणि डोमेनची, म्हणजे साइटच्या नावाच्या नोंदणीची, तारीख पाहायला पाच मिनिटं पुरतात.

निळी_शाई :
पाच मिनिटांत तुम्ही नेमकं काय पाहणार? चोराने खऱ्या जर्नलचाच आयएसएसएन उचललाय. आयएसएसएनच्या पोर्टलवर टाका, नाव आणि देश बरोबरच येणार.

गणिती_गोंधळ :
आयएसएसएनचा शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. पहिल्या सातांना ८ ते २ ने गुणायचं, बेरजेला ११ ने भागायचं, बाकी ११ मधून वजा...

निळी_शाई :
अहो, क्रमांक खराच आहे म्हटल्यावर गणित चुकेल कसं? ते टायपिंगची चूक पकडायला आहे, चोर पकडायला नाही. नोंदीत माध्यम काय लिहिलंय ते बघा. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीला वेगवेगळे क्रमांक लागतात. नोंद फक्त छापीलची आणि साइटवर त्याच क्रमांकाखाली पीडीएफची रास, तिथे थांबायचं.

डोमेनदार :
डोमेनच्या तारखेवरही विसंबू नका. मुदत संपलेलं डोमेन रजिस्ट्रारकडच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडच्या, लिलावात घेतलं तर नोंदणीची मूळ तारीख तशीच राहते. ते पूर्ण सुटून पुन्हा नोंदलं गेलं तरच तारीख नवी दिसते. म्हणजे १९९९ चं डोमेन आणि गेल्या वर्षीचा चोर, असा संसार सुखाने चालतो. वेबॅक मशीनवर, म्हणजे साइटींच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या संग्रहावर, वर्षावर्षाचं पान उघडा. मध्येच ‘हे डोमेन विक्रीला आहे’ दिसलं आणि पुढे संपादक मंडळ, विषय, फी सगळंच बदललं, तर समजायचं.

डीओआयही नुसता असून उपयोग नाही. १०.५२८१ ने सुरू होत असेल तर तो झेनोडो या खुल्या ऑनलाइन भांडाराचा. तिथे कुणीही फाइल चढवतं, क्रमांक खराखुरा मिळतो.

परखड_परीक्षक :
बरं, दहा मिनिटं धरा. पण प्राध्यापक स्कोपस या जर्नलांच्या आंतरराष्ट्रीय सूचीवरून जर्नलच्या साइटवर गेला असता तर?

निळी_शाई :
स्कोपसचं नाव तुम्हीच काढलंत, बरं झालं. त्यांच्या जर्नल-पानावरचा दुवाच काही ठिकाणी बनावट साइटवर नेत होता. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी सगळ्याच जर्नलांचे दुवे काढून टाकले. बनावट जर्नलांच्या अभ्यासक आना आबालकिना यांनी बनावट साइटींचे जुने अंक ताडून पाहिले, तर तेच पेपर वेगवेगळ्या जर्नलांच्या नावाखाली भरलेले. एवढी मोठी यंत्रणा गंडते आणि तालुक्याच्या कॉलेजातला सहायक प्राध्यापक मात्र गिऱ्हाईक?

ताम्रपट :
मुळात केअर यादीत छापील मराठी नियतकालिकं होती, साइट नसलेली. चोरांना आयतं कुरण. एक पान टाकायला काय जातं या संपादकांचं? आळस, दुसरं काही नाही.

शिळा_प्रेस :
आळस?? अंक स्वतः जुळवायचा, मुद्रितं तपासायची, वर्गणीदारांना पोस्टाने पाठवायचा, आणि वर साइटही सांभाळायची? एकदा काढली की दरवर्षी नूतनीकरण. डोमेन साइट करून देणाऱ्या पोराच्या नावावर. तो पुण्याहून बंगळुरूला गेला की नूतनीकरणाची मेल त्याच्या जुन्या पत्त्यावर पडून राहते आणि डोमेन जातं. साइट नसणं हे निम्मी साइट असण्यापेक्षा सुरक्षित.

डोमेनदार :
उलट आहे. साइट नसेल तर शोधात पहिली चोराचीच येते. डोमेन संस्थेच्या नावावर, मेल पदाच्या नावाची, एकदम दहा वर्षांचे पैसे भरून टाका. मुदत संपली तरी .कॉमला साधारण महिनाभराची सवलत, मग ३० दिवस दंड भरून सोडवता येतं, मग ५ दिवसांत सुटतं. झोपायला भरपूर वेळ आहे.

शिळा_प्रेस :
आणि चोराने आधीच नाव घेतलं असेल तर? डब्ल्यूआयपीओकडे, म्हणजे डोमेनचे तंटे सोडवणाऱ्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, तक्रार म्हणजे एकसदस्यीय पॅनेलचे १५०० डॉलर. वर ट्रेडमार्कवरचा हक्क सिद्ध करा. आमच्या नियतकालिकांकडे सरकारी वृत्तपत्र-निबंधकाची (पूर्वीचं आरएनआय, आता पीआरजीआय) शीर्षक-नोंदणी असते, ती म्हणजे ट्रेडमार्क नव्हे. सल्ले देणारे वर्गणी भरतात का, तेवढं सांगा.

ताम्रपट :
वर्गणीवर येऊ नका. मुखपृष्ठाच्या आत ‘आमचं संकेतस्थळ नाही, आम्ही छपाईशुल्क घेत नाही’ एवढं छापायला डॉलर लागत नाहीत.

शिळा_प्रेस :
छापू. चोराच्या साइटवर पेपर पाठवणाऱ्याने अंक कधी हातात घेतलेला नसतो, पण तुमच्या समाधानासाठी छापू.

परखड_परीक्षक :
माझाच मुद्दा! अंक न पाहता लेख पाठवणारा माणूस वाचक नाही, गुणांचा गिऱ्हाईक. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत निवड-बढतीसाठी एका पेपरला विज्ञानाला ८, भाषांना १० गुण. पीएचडीसाठीची पेपरची सक्ती २०२२ मध्ये गेली, बढतीची भूक राहिली.

निळी_शाई :
गुणांसाठी लिहिणारे गिऱ्हाईक, मान्य. मग तो गुणांचा तक्ता करणारे दुकानाचे मालक झाले, तेही मान्य करून टाका.

परखड_परीक्षक :
करतो. तेवढ्याने यूपीआयने पैसे भरणारा निर्दोष ठरत नाही.

नवखा_संशोधक :
वाद चालू द्या. पेपर बनावट साइटवर छापून झाला असेल तर आता काय करायचं?

डोमेनदार :
त्या साइटवाल्यांना ‘काढा’ म्हणू नका, काढायची वेगळी फी मागतात आणि पेपर राहतोच. मूळ जर्नलच्या संपादकाला छापील अंकावरच्या पत्त्यावर लिहून ‘हा लेख आमच्याकडे आला नव्हता’ असं पत्र घ्या. पैसे भरल्याची पावती आणि साइटचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, ती उद्या असेलच असं नाही. नंतर दुसऱ्या जर्नलला पाठवताना पहिल्याच मेलमध्ये हे सगळं जोडा. लपवलंत तर साहित्यचौर्याच्या तपासणीत तुमचाच मजकूर तुमच्याशी जुळतो.