आखाजी (अक्षय तृतीया) जवळ आली... पथ्यवाल्यांचं ताट कसं वाढता? (किडनी, शुगर, बीपी, गहू बंद, सगळे या)

खापर_आणि_चूल
बाजारात डांगरं (खरबुजं) आली, मातीच्या घागरी मांडल्या गेल्या, आणि दरवर्षीचं ते दृश्य डोळ्यांपुढे आलं. अंगणात झोका, लेकी माहेरी आलेल्या, खापरावर (मातीच्या मोठ्या तव्यावर) मांडे, म्हणजे मोठाल्या पुरणपोळ्या, पडताहेत, आणि कोपऱ्यात एका माणसापुढे वेगळं ताट. त्यात उकडलेला दुधी आणि दोन फुलके. असं वेगळं ताट वाढायची बहुतेक वेळा गरजच नसते. खान्देशी सणाच्या जेवणात नेमकं काय बाधतं आणि काय चालतं याचा हिशोब चुकतो म्हणून ते वेगळं पडतं.

सुरुवात किडनीपासून करते, कारण तिथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. रक्तातलं पोटॅशियम वाढलंय म्हणून डॉक्टरांनी कमी करायला सांगितलं असेल, तर घरचे पुरणपोळी बंद करतात आणि "रशी पातळ आहे, ती घ्या" म्हणतात. हे नेमकं उलटं आहे. डाळ भरपूर पाण्यात शिजते तेव्हा तिच्यातलं पोटॅशियम पाण्यात उतरतं. ते पाणी म्हणजेच कट आणि त्याचीच रशी. पोळीतलं पुरण त्या मानाने सौम्य, रशी जड.

करायचं असं. १ वाटी चणाडाळ ४ तास भिजवा, ते पाणी फेका. ६ वाट्या नव्या पाण्यात उघड्या पातेल्यात शिजवा. कुकर नको, त्यात पाणी कमी लागतं आणि निघालेलं तिथंच राहतं. डाळ बोटाने चिरडली की चाळणीवर ओता, १० मिनिटं निथळू द्या. कट घरच्यांच्या रशीला. गुळाऐवजी साखर पाऊण वाटी, कारण गुळात १०० ग्रॅमला साधारण १००० मि.ग्रॅ. पोटॅशियम असतं, साखरेत जवळजवळ नाहीच. साखर पडली की पुरण आधी पातळ होतं, घाबरू नका, उलथणं उभं राहीपर्यंत आटवा. वेलची-जायफळ नेहमीसारखं.

आणि मांडा अख्खा नाही. खापरावरचा एक मांडा म्हणजे साध्या तीन-चार पोळ्या. चतकोर वाढा.

भुसावळकर_४५डिग्री
चतकोर 😀 आमच्या गावात चतकोर वाढला तर पाहुणा रुसतो. पण मुद्दा पटला ताई. रशीचं हे कोणी सांगत नाही.

तापीकाठची
शुगर असणाऱ्यांनी वरचं साखरेचं वाचून बिथरू नका, आणि गूळ "चालतो" असंही समजू नका. रक्तातली साखर दोन्हींनी वाढते. शुगर आणि किडनी दोन्ही असेल तर साखर अर्ध्या वाटीवर आणा. पुरण कोरडं पडेल, एक चमचा तूप घालून मऊ करा.

आमरसाचं गणित: साखर न घालता १५० ग्रॅम रस, म्हणजे एक वाटी, त्यात साधारण २२ ग्रॅम कर्बोदकं. एका लहान साध्या पोळीपेक्षा जास्तच. पोळी आणि रस दोन्ही पूर्ण घेतले तर दुपारी मीटर ओरडणारच. एकतर पोळी घ्या आणि रस दोन चमचे चवीला, नाहीतर रस अर्धी वाटी घ्या आणि पोळी सोडून ज्वारीची लहान भाकरी. रसापेक्षा आंब्याच्या फोडी बऱ्या, चावाव्या लागतात, हात आवरतो. ताटात आधी भाजी आणि कोशिंबीर संपवा, गोड शेवटी. उलट क्रमाने जेवलं तर तेवढ्याच जेवणाने साखर जास्त उसळते.

पण आखाजीचा खरा धोका गोडाचा नाही, उशिराचा आहे. घागर भरायची, पितरांना आगारी (विस्तवावर नैवेद्य) टाकायची, मग जेवण. घड्याळात दीड-दोन वाजतात. सकाळी ग्लिमेपिराइड (शुगरची गोळी) किंवा इन्शुलिन घेऊन माणूस उपाशी बसलेला असतो. हात थरथरणं, घाम, चिडचिड ही लक्षणं दिसली की मीटर लावा. ७० च्या खाली असेल तर ३ सपाट चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत तपासा, अजून कमी असेल तर परत तेवढीच. अशा वेळी पेढा किंवा बर्फी देऊ नका, तुपा-खव्यामुळे साखर हळू चढते. किडनीवाल्यांना इन्शुलिन अंगात जास्त वेळ टिकतं, त्यांच्याकडे दुप्पट लक्ष. सगळ्यात सोपं म्हणजे आगारीची वेळ आदल्या दिवशीच ठरवा आणि गोळीची वेळ त्याप्रमाणे डॉक्टरांना विचारून ठेवा.

गिरणा_पूल
आगारीआधी तोंडात काही घालायचं नाही म्हणतात आमच्याकडे. मोठ्यांना कसं पटवायचं?

तापीकाठची
@गिरणा_पूल आजारी माणसाच्या हातून घागर भरवूच नका, दुसऱ्याने भरावी. तो वेळेवर दोन घास खाऊन नुसता पाया पडायला बसेल.

अमळनेरकर_जिभाऊ
कोणाकडे जुनं खापर आहे का द्यायला? या वर्षी आणलेलं पहिल्याच विस्तवाला तडकलं.

खापर_आणि_चूल
जिभाऊ, नवं खापर एकदम मोठ्या जाळावर ठेवलं की तडकणारच. आधी मंद जाळावर हळूहळू तापवा, मग जाळ वाढवा. आणि तापलेल्या खापरावर पाण्याचा थेंब पडू देऊ नका.

गहू_नको_माय
सीलिएकवाल्यांसाठी (गव्हातल्या ग्लूटेनने ज्यांचं आतडं बिघडतं) लिहिते, इथे "थोडंसं चालतं" हा प्रकारच नाही. ग्लूटेन कणभर गेलं तरी आतड्याला इजा होते, त्रास जाणवो वा न जाणवो.

आखाजीच्या ताटातला उघड गहू सगळ्यांना कळतो: मांडा, सांजोरी. लपलेला कळत नाही. कुरडई गव्हाच्या चिकाची, म्हणजे बाद. बाजारातल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, म्हणजे वरण-रशी दोन्ही बाद. हिंग सोडून लसूण-जिऱ्याची फोडणी द्या. ज्वारीच्या बिबड्या (पापड) धान्याने सुरक्षित, पण ज्वारी गावच्या गिरणीत भरडली असेल तर नाही. आधी दळलेल्या गव्हाचं पीठ दगडात बसलेलं असतं, ते पुढच्या दळणात उतरतं. आणि खापर! माती सच्छिद्र, वर्षानुवर्षं गव्हाचं पीठ त्यात मुरलेलं. वेगळा लोखंडी तवा ठेवा, पोळपाट-लाटणंही वेगळं.

पोळी ज्वारीची करता येते. १ वाटी पाणी उकळा, चिमूट मीठ, १ वाटी पीठ घालून हलवा, गॅस बंद, ५ मिनिटं झाकण. हाताला सोसेल तितकी गरम असतानाच मळा. गार झाली की तडकते, कारण ज्वारीत धरून ठेवणारं ग्लूटेन नाही. पुरण उकडीच्या निम्मं, जास्त भरलं की फाटते. ओल्या फडक्यावर थापा, लाटू नका. फडक्यासकट उचलून तव्यावर उलटी टाका आणि फडकं सोडवा. आधी सगळ्यांत पहिल्यांदा ही पोळी करा, ओट्यावर गव्हाचं पीठ उडायच्या आत.

शहाद्याची_लेक
तै, भलतं कामनं सांगं. कुरडईचं माहीतच नव्हतं.

मीठ_मोजा
बीपी आणि किडनीवाल्यांचं मीठ. दिवसाचं ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा, सगळं मिळून. आता मोजा: पापड, लोणचं, ठेचा, शेव. पापडात मीठ आहेच, वर पापडखार, तोही सोडियमच. शेवभाजीत शेवेचं मीठ आणि सोडा, रश्श्याचं वेगळं. सण गोडाचा म्हणतात, पण मीठ यांतून जातं.

करण्यासारखं: फोडणी आणि मसाला घालून झाल्यावर, मीठ घालायच्या आधी, पथ्यवाल्याची वाटी बाजूला काढा. वरून लिंबू, भाजलेला लसूण, घरचा काळा मसाला. ठेचा बिनमिठाचा करा, मिरची तव्यावर काळे डाग पडेस्तोवर भाजली की मिठाची उणीव कमी जाणवते.

सैंधव घेतलं की झालं, असं समजणारे खूप. सैंधव म्हणजे सोडियम क्लोराईडच. आणि "लो सोडियम" मीठ किडनीवाल्यांनी हातातही धरू नये. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. बीपी आहे पण किडनी ठीक, त्यांनीसुद्धा बीपीच्या गोळ्या दाखवून विचारूनच घ्यावं, काही गोळ्या पोटॅशियम वाढवतात.

भुसावळकर_४५डिग्री
केळीचं काय? जळगाव जिल्ह्यात राहून केळं नाही म्हणजे...

खापर_आणि_चूल
एका मध्यम केळ्यात ४०० मि.ग्रॅ.च्या वर पोटॅशियम. डांगराची १५० ग्रॅमची फोडही तिथेच. त्यामानाने आंबा बरा, वाटीभर रसाला २५० च्या आसपास. म्हणून पोटॅशियम वाढलेल्यांनी घागरीवरचं डांगर हात लावून नमस्कार करून ठेवावं आणि अर्धी वाटी रस खावा. ज्यांचा रिपोर्ट ३.५ ते ५ च्या आत आहे त्यांना उगाच केळं तोडू नका, रिपोर्ट बघून ठरवा.

धुळे_डायलिसिस_वॉर्ड
डायलिसिसवाल्यांचं वेगळं लिहितो. पाण्याची मर्यादा साधारण आदल्या दिवसाची लघवी अधिक ५०० मिली. त्यात रस, रशी, गुळवणी, ताक, कुल्फी, बर्फ सगळं धरायचं. वैशाखात ४४ डिग्रीला हे फार अवघड, माहितीये. म्हणून सकाळीच दिवसभराचं पाणी एका बाटलीत मोजून भरा, जे पातळ खाल तेवढं बाटलीतून ओतून टाका. त्यातलंच थोडं बर्फाच्या साच्यात लावा, एक खडा घोटापेक्षा जास्त वेळ पुरतो. लिंबाची फोड चोखा. तहान पाण्याने नाही, मीठ कमी केल्याने आवरते.

फॉस्फरस धरणारी गोळी जेवणानंतर नाही, जेवतानाच, पहिल्या काही घासांबरोबर. ती अन्नातलं फॉस्फरस आतड्यात धरते, जेवण उतरल्यावर घेऊन उपयोग नाही. पाहुण्यांसाठी आणलेलं काळं कोल्ड्रिंक अजिबात नाही, त्यात फॉस्फरिक ॲसिड असतं आणि ते जवळजवळ सगळं शोषलं जातं.

प्रोटीन मात्र डायलिसिसवाल्याला जास्त लागतं, किलोमागे १ ते १.२ ग्रॅम. डायलिसिस नसलेल्या किडनीवाल्याला कमी, ०.६ ते ०.८. एकाच घरात दोघं असतील तर डाळ दोघांना सारखी वाढू नका. आणि हात जोडून सांगतो, सणासाठी डायलिसिसची पाळी पुढे ढकलू नका. दोन दिवसांचा मोठा खंड सगळ्यात धोक्याचा असतो.

गिरणा_पूल
दादा, बटाट्याची भाजी तरी?

धुळे_डायलिसिस_वॉर्ड
@गिरणा_पूल सालं काढून बारीक फोडी, भरपूर पाण्यात उकळून पाणी फेका, नव्या पाण्यात परत उकळा. नुसतं भिजवून फारसं निघत नाही. मग कोरडी परता, वाटीभर नाही, दोन डाव.

शहाद्याची_लेक
भरिताचा धागा पण काढा ना कोणी थंडीत. काड्यांवर भाजलेलं वांगं किडनीवाल्यांना चालतं का?

मीठ_मोजा
चालतं, वांगं बटाट्यापेक्षा बरंच हलकं. शेंगदाणे मूठभर घालतो ते काढा, आणि मीठ वरच्यासारखं. कळण्याच्या भाकरीत उडीद आणि मीठ दोन्ही, तिथे साधी ज्वारीची घ्या.

अमळनेरकर_जिभाऊ
खापर मिळालं. आधी मंद जाळ, लक्षात ठेवलंय 🙏