मदत हवी आहे : स्लॉट मशिनच्या दुकानाला हरकत कशी लिहायची?

मंडळी, इंग्लंडमध्ये कौन्सिलकडे लायसन्सवर हरकत घेतलेलं इथे कोणी आहे का? आमच्या घराखालच्या बंद दुकानाच्या काचेवर लायसन्सच्या अर्जाचा फिकट निळा कागद लागलाय : बार, रात्री २ पर्यंत. शेजारच्या गाळ्यात जुगाराच्या स्लॉट मशिनचं दुकान, तेही चोवीस तास. हरकतीची मुदत २८ दिवसांची, त्यातले ९ गेलेसुद्धा.

बारचं एक वेळ जमेल. दारूच्या लायसन्सच्या २००३ च्या कायद्यात लोकांना होणारा उपद्रव धरतात, म्हणजे आवाज, दाराशी सिगारेट ओढणारा घोळका, सगळं लिहिता येतं. घोडं अडलंय ते दुसऱ्यापाशी. २००५ च्या जुगार कायद्यात उपद्रव मोजतच नाहीत! गुन्हेगारी, खेळ चोख आहे की नाही, आणि मुलं व सहज नादी लागणारी माणसं, बस. ‘आधीच तीन आहेत, चौथं कशाला’ हेही चालत नाही, कारण मागणी बघायचीच नाही असा नियम.

मग कौन्सिलच्या समितीपुढे टिकेल असं काय द्यायचं? समोरच व्यसनमुक्ती केंद्र आहे, तो मुद्दा धरतील का? नुसतं ‘जुगार वाईट’ लिहिलं तर केराची टोपली. सासऱ्यांनी नेमकं तेच दोन पानं लिहून ठेवलंय.